पेटी की पियानो: मुलाच्या हाती आधी काय द्यावे

ग्वाल्हेरच्या मराठी घरात मुलाला सूर शिकवायचे ठरले की पेटी आपसूक पुढे येते. ठुमरीच्या मैफलीत पेटीला मान मिळवून देणारे भैयासाहेब गणपतराव इथलेच. माधव संगीत महाविद्यालयही १९१८ पासून इथे आहे. शहराच्या लष्कर भागात पेटी शिकवणारे सहज भेटतात, पियानोचा शिक्षक मात्र शोधावा लागतो. तरीही सात-आठ वर्षांच्या मुलासाठी पियानोचा विचार आधी व्हावा, असे मला वाटते.

मूल गाणार असेल तर गोष्ट वेगळी. पेटीचा सूर भाता चालू असेपर्यंत टिकतो, त्यामुळे गळा त्याला धरून राहू शकतो. पियानोचा सूर वाजताक्षणी विरू लागतो. शिवाय पेटी उचलून भजनाला किंवा आरतीला नेता येते. ख्याल, नाट्यगीत, भजन हाच रस्ता असेल तर पेटीच घ्या, पुढचे वाचले नाही तरी चालेल. मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर सलग घसरत जाणे, दोन्हींवर निघत नाही. दोन्ही सहसा समान अंतराच्या सप्तकात जुळवलेली असल्यामुळे गांधार शुद्धापेक्षा सुमारे १४ सेंट (लगतच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट) चढाच असतो. त्या बाबतीत कुणीच सरस नाही.

मला पेटीत सतत खटकत आला तो डावा हात. तो भात्यावर अडकलेला असतो, सगळे वादन उजव्या हाताचे. वर्षानुवर्षे पेटी वाजवणाऱ्याचा डावा हातही पट्टीवर ठेवला की नवख्यासारखा अडखळतो. माझ्यापुरता निर्णय इथेच झाला.

पियानोवर काय घडते ते पांढरी एकच्या (‘सा’ म्हणजे C ची पट्टी) साध्या बिलावलात, म्हणजे सगळ्या शुद्ध सुरांच्या सप्तकात, दिसते. उजव्या हाताचा अंगठा, तर्जनी, मधले बोट सा-रे-ग वाजवतात आणि ‘म’साठी अंगठा मधल्या बोटाखालून सरकतो. डावा हात करंगळीने ‘सा’वर सुरू होतो, अंगठा ‘प’वर पोहोचतो, मग ‘ध’साठी मधले बोट अंगठ्यावरून पलीकडे जाते. म्हणजे दोन्ही हात वेगवेगळ्या ठिकाणी वळतात. मूल अडखळते ते नेमके इथे, कारण डावा हात उजव्याची नक्कल करू बघतो. आधी एकेक हात मेट्रोनोम (ठोके देणारे यंत्र) मिनिटाला ६० ठोक्यांवर, ठोक्याला एक सूर. मग दोन्ही एकत्र, ४० वर. चूक झाली की पूर्ण सप्तक पुन्हा वाजवून घेऊ नका, फक्त ग-म-प-ध एवढेच घोटवा. दोन्ही हात मोकळे होऊ लागले की दोन ओळींचे स्वरलेखन एकाच वेळी वाचायची सवय लागते. ती पेटीत सहसा लागत नाही.

दुसरा फायदा बोटांच्या वजनाचा. पेटीत भाता जोरात मारला की दाबलेल्या सगळ्या पट्ट्या एकदम मोठ्याने वाजतात. पियानोत पट्टी जितक्या वेगाने खाली जाईल तितका हातोडा जोरात बसतो, म्हणून एकाच हाताची करंगळी धून उचलून धरते आणि अंगठा हळू राहतो. पेटीवरून आलेली मुले सूर वाजल्यानंतरही पट्टी दाबत बसतात. त्याने आवाज वाढत नाही, मनगट मात्र आखडते. सूर वाजला की बोट पट्टीवर नुसते टेकलेले हवे.

राहिला प्रश्न कुठला पियानो. खरा तारांचा अपराइट, म्हणजे उभा पियानो, ऐकायला केव्हाही श्रेष्ठ. पण त्यात दोनशेहून अधिक तारा, आणि त्यांच्यामागे लाकडी ध्वनिफलक. मे महिन्यात पारा ४५ च्या घरात, खिडकीत कूलरची ओली हवा, मग पावसाळा. लाकूड फुगते-आकसते आणि दमट हवेत सूर चढतो, कोरड्या हवेत उतरतो. वर्षातून दोनदा तरी जुळवणी लागते आणि त्यासाठी माणूस बहुधा बाहेरगावाहून बोलवावा लागतो. घेणारच असाल तर कूलरचा झोत आणि बाहेरची भिंत, दोन्हींपासून दूर ठेवा. घरासाठी मला डिजिटलच सोयीचा वाटतो. सूर उतरत नाही, हेडफोन लावता येतो आणि वीज गेली तर इन्व्हर्टरवर चालतो. पैसे मात्र चांगल्या पेटीच्या दुप्पट-तिप्पट पडतात.

एकसष्ट पट्ट्यांचा हलका कीबोर्ड स्वस्तात मिळतो, पण पट्ट्या स्प्रिंगच्या असतात. तो घ्यायचा तर त्यापेक्षा पेटी बरी. अठ्ठ्याऐंशी वेटेड, म्हणजे खऱ्या पियानोसारख्या जड, पट्ट्या हव्यात. दुकानात तीच पट्टी अगदी हळू आणि मग जोरात दाबा. नुसता आवाज वाढून भागत नाही, सुराची जातही बदलली पाहिजे. बैठक इतकी उंच हवी की मुलाचे कोपर पट्ट्यांच्या पातळीला येईल. पाय टेकत नसतील तर खाली पाट द्या. सोबत येणारे, सूर लांबवण्यासाठी पायाने दाबायचे चौकोनी पेडल फरशीवर घसरते, त्याखाली रबराचा तुकडा घाला.