तबलेवालीच्या कानाने 'रिव्हॉल्व्हर'चा पाच सीडींचा संच

बीटल्स या ब्रिटिश बँडच्या १९६६ मधल्या 'रिव्हॉल्व्हर' या अल्बमची नवी आवृत्ती २०२२ मध्ये आली. तिचा तो पाच सीडींचा संच घेण्यासारखा आहे का, असं मला मधूनमधून कुणीतरी विचारतं. विचारणारे बहुतेक गिटारवाले. त्यांचं त्यांनी बघावं. पण ज्याचा हात तबल्यावर बसलेला आहे, किंवा नुसता ठेका लागला तरी ज्याची मान डोलते, त्याच्यासाठी माझं उत्तर तयार आहे: यातलं 'लव्ह यू टू' हे बीटल्सचा गिटारवादक जॉर्ज हॅरिसन याचं सतार-तबल्याचं गाणं पाचही रूपांत (नवं, जुनं आणि तालमीतले तीन तुकडे) ऐका, मग पैशांचा हिशोब करा.

मी ठाण्यात तबला शिकवते. विशारदला बसणारी मुलं आणि ऑफिसातून थेट बॅग घेऊन येणारे पन्नाशीतले काका, अशी सगळी सरमिसळ. बीटल्स घरात आले ते थोरल्या भावाच्या कॅसेटींमधून. त्यातलं हे एक गाणं लागलं की मी हातातलं काम टाकून बाहेरच्या खोलीत यायचे, कारण त्यात तबला होता. तबला होता म्हणजे कसा, तर शेजारच्या फ्लॅटमध्ये कुणी रियाज करतंय आणि मधली भिंत चांगली जाड आहे, तसा. चाटेवरचे, म्हणजे तबल्याच्या कडेचे, बोल कळायचे, डाव्या हाताचा डग्गा जवळजवळ नाहीच.

त्याला कारण आहे. १९६६ साली लंडनच्या ईएमआय स्टुडिओत, म्हणजे ज्याला सगळे अ‍ॅबी रोड म्हणतात तिथे, चार ट्रॅकच्या टेपवर रेकॉर्डिंग व्हायचं. चारही ट्रॅक भरले की ते दुसऱ्या टेपवर एकत्र उतरवून जागा मोकळी करायची आणि त्या जागेत पुढचं भरायचं. एकदा दोन वाद्यं अशी एकाच ट्रॅकवर बसली की बसली. नंतर कितीही हुशार माणूस आला तरी एकाचा आवाज वाढवताना दुसऱ्याचाही वाढणार. २०२२ च्या या आवृत्तीसाठी दिग्दर्शक पीटर जॅक्सन यांच्या चमूने तयार केलेलं सॉफ्टवेअर वापरलंय, आणि ते नेमकं हेच करतं: मिसळलेले आवाज सुटे करून देतं. मग मूळ निर्माते जॉर्ज मार्टिन यांचे चिरंजीव जाइल्स मार्टिन आणि सॅम ओकेल यांनी सगळ्या अल्बमचं नवं स्टिरिओ मिक्सिंग केलं, म्हणजे ते सुटे आवाज पुन्हा डाव्या-उजव्या बाजूंत जुळवले.

फरक कळायला महागडे स्पीकर लागत नाहीत, बरे हेडफोन पुरतात. डग्ग्याचा घुमार आता पोटात जाणवतो. मनगटाचा दाब वाढवून आवाज वर चढवत नेलाय, ती जागा मला पहिल्यांदा नीट ऐकू आली. इतकी वर्षं मी ते गाणं ऐकतेय आणि डाव्या हाताचं काम मला माहीतच नव्हतं! एक तक्रार आहे. काही ठिकाणी सगळं इतकं स्वच्छ पुसून ठेवलंय, की जुन्या टेपवरची सतार आणि तबला एकमेकांत मुरल्याची गोडी थोडी कमी झाली. पण तबलजीने याबद्दल फार कुरकुर करू नये.

आता तो तबला कुणाचा, ते. अनिल भागवत. तारीख ११ एप्रिल १९६६, संध्याकाळची वेळ. उत्तर लंडनमधल्या फिंचले भागात आयना अंगडी आणि त्यांच्या पत्नी पॅट्रिशिया 'एशियन म्युझिक सर्कल' नावाची संस्था चालवायचे. आदल्या वर्षी बीटल्सच्या 'नॉर्वेजियन वुड' या गाण्याच्या वेळी जॉर्ज हॅरिसनच्या सतारीची तार तुटली, तेव्हा तार मिळवायलाही याच अंगडींकडे फोन गेला होता. या वेळी तबलजी हवा होता. भागवतांनी पुढे सांगितलेली हकीकत मजेशीर आहे. अंगडींचा फोन आला, आज रात्री जॉर्जबरोबर वाजवायला मोकळे आहात का. कोण जॉर्ज, ते काही सांगितलं नाही. दारात रोल्स-रॉईस उभी राहिली तेव्हा यांच्या डोक्यात प्रकाश पडला. स्टुडिओबाहेर मुली थर्मास आणि सँडविच घेऊन बीटल्सची वाट बघत बसलेल्या. आत गेल्यावर सतारीशी तबला मिळवला, आणि जॉर्जने सांगितलं ते एवढंच, की रविशंकरांच्या पद्धतीचं, सोळा मात्रांत काहीतरी हवंय, बाकी उपज तुमची.

हॅरिसन तेव्हा २३ वर्षांचा होता. सतार हातात येऊन धड वर्ष झालेलं नव्हतं, आणि रविशंकरांशी भेट तर अजून व्हायची होती. ती त्याच वर्षी जूनमध्ये, अंगडींच्याच घरी झाली. त्यानंतर सप्टेंबरात तो मुंबईला येऊन ताजमध्ये उतरला आणि रविशंकरांकडे शिकायला बसला. म्हणजे हे गाणं शिष्य होण्याआधीचं आहे. ऐकताना हे ध्यानात ठेवलं की बऱ्याच गोष्टी माफ करता येतात आणि बऱ्याच गोष्टींचं जास्त कौतुक वाटतं.

'नॉर्वेजियन वुड'मध्ये सतार म्हणजे नुसती फोडणी, गाणं त्यांचं नेहमीचंच. ती सतार तशी अपघातानेच आली, असं जॉर्जनेच पुढे सांगितलं होतं, आणि 'लव्ह यू टू' हे आपण सतारीसाठी केलेल्या पहिल्या चालींपैकी एक, असंही. या म्हणण्याचा पडताळा घ्यायला दुसरी सीडी उत्तम. तिच्यावर या गाण्याचे तीन तुकडे लागोपाठ आहेत.

पहिला तुकडा, टेक १ (म्हणजे रेकॉर्डिंगचा पहिला प्रयत्न), ऐकून मी चक्रावलेच. सतार नाही, तबला नाही. जॉर्ज साध्या गिटारवर गातोय आणि बीटल्समधलाच पॉल मॅकार्टनी वरचा सूर धरतोय. तरी चाल तीच. कोमल गंधार, कोमल निषाद, आपल्या काफी थाटाचे स्वर, आणि षड्ज सोडून फार लांब जायचंच नाही. गिटारवर वाजत असूनही गाणं गिटारचं वाटत नाही, कारण गिटारवाला दर ओळीला जसा कॉर्ड (एकत्र वाजणारा सुरांचा गट) फिरवतो तसा तो इथे फिरवतच नाही. एका षड्जावर बसून राहतो, मध्येच निषादावर टेकतो, परत येतो. माझ्या मते इथेच त्याचं म्हणणं सिद्ध होतं. वाद्य कुठलंही असो, डोक्यात तंबोरा चालू होता.

दुसरा तुकडा तालमीचा, त्याला टेकचा नंबरसुद्धा नाही. सतार एक वाक्य शोधतेय, सापडतंय, सुटतंय. अंतिम गाण्यातली सतार जॉर्जची की सर्कलमधल्या कुणा वादकाची, हा वाद फार जुना आहे आणि तो मी इथे मिटवणार नाही. तालमीतला हात मात्र मला गिटारवाल्याचा वाटतो. मिंडेपेक्षा, म्हणजे तार ओढून सूर सरकवण्यापेक्षा, पडद्यावरून पडद्यावर जाण्यात त्याला जास्त भरवसा आहे. माझ्या ओळखीच्या एका सतारवाल्यांना हा तुकडा ऐकवला. तोंड वाकडं करतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, "रियाज कमी आहे गं, पण कान चोख आहे."

तिसरा, टेक ७. हा १३ एप्रिलचा. आधीच्या टेकचे चार ट्रॅक एकत्र उतरवून वर आणखी गाणं आणि बीटल्सचा ड्रमर रिंगो याची टँबरीन (खंजिरी) चढवलेली. यात पॉलचा एक वरचा स्वर आहे जो पुढे गाण्यातून काढून टाकला. काढला ते बरंच केलं. त्या दुसऱ्या आवाजाने गाणं लगेच कोरससारखं, ओळखीचं वाटायला लागतं, आणि एकट्या आवाजात जी खर्जाकडे झुकलेली उदासी आहे ती पातळ होते. काय टाकून द्यायचं हे कळणं म्हणजे काय, ते मुलांना शिकवायला मी आता हा तुकडा वापरते.

आता पूर्ण गाणं. लांबी तीन मिनिटं, आणि त्यातला अर्ध्या मिनिटाहून जास्त वेळ आलापाला! सतारीच्या तरफेच्या (खालच्या, आपोआप झंकारणाऱ्या) तारांवरून नखी फिरते, सतार लयीविना दोनचार वाक्यं बोलते, मग गत सुरू होते आणि तबला येतो. १९६६ च्या पॉप गाण्यात एवढा वेळ ठेक्याशिवाय थांबायचं म्हणजे धाडसच. आलाप म्हणून बघाल तर तो आलापाचा नुसता मुखडा आहे. राग उलगडायला सवडच नाही, आणि राग असा एकच धरलेलाही नाही, स्वर तेवढे काफीचे. पण क्रम बरोबर आहे: आधी स्वर, मग लय, शेवटी लय वाढवून द्रुत. आपल्याकडच्या तासाभराच्या मांडणीचा नकाशा तीन मिनिटांत बसवलाय, आणि नकाशात दिशा चुकलेल्या नाहीत.

ताल मात्र मजेचा. भागवतांना सोळा मात्रा सांगितल्या होत्या खऱ्या, पण गाणाऱ्याचे शब्द तीनतालाचं ऐकत नाहीत. वर्गातल्या एका मुलाला मी हे गाणं हातावर टाळी-खाली धरून ऐकायला सांगितलं. मजेत धरून चालला होता, आणि एका ओळीच्या टोकाला अडखळला. "ताई, सम सरकली!" सरकलीच होती, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा जागेवर नव्हती. ओळ संपवताना एक मात्रा गिळलेली आहे. आपला साथीदार अशा वेळी गायकाकडे डोळे वटारून बघेल. भागवतांनी काय केलं ते नव्या मिक्सिंगमध्ये स्वच्छ ऐकू येतं. मोठे आवर्तन मिरवण्याच्या भानगडीत न पडता लहान, वळणारी चाल ठेवली, लग्गीच्या अंगाची, म्हणजे गायक कुठेही उतरला तरी हात मोकळा. बोल कमी, पण प्रत्येकाला वजन. साथ करणं म्हणजे हेच. नव्या माणसाचं, नव्या प्रकारचं गाणं, आणि अनोळखी जागी एका रात्रीत ते सांभाळायचं.

यात एक फझवाली, म्हणजे मुद्दाम खरखरीत केलेल्या आवाजाची, इलेक्ट्रिक गिटारही आहे, पायाखालच्या पेडलने फुगवत आणलेली. पूर्वी ती मला नको वाटायची. आता वाद्यं सुटी झाल्यावर लक्षात येतं, की ती सतारीच्या जवारीचाच (घोडीवरच्या झणकाराचाच) धर्म धरून चाललीय: एकच सूर, त्याला झिणझिण्या.

भागवतांचं नाव मूळ रेकॉर्डच्या कव्हरवर छापलं होतं, ही बारीक गोष्ट नाही. त्याच अल्बममध्ये 'एलिनॉर रिग्बी'ला व्हायोलिन, व्हायोला, चेलो मिळून आठ वादक आहेत, त्यांची नावं नव्हती. पुढच्या वर्षी 'सार्जंट पेपर' या अल्बममधल्या जॉर्ज हॅरिसनच्या गाण्यात दिलरुबा आणि तबला वाजवणाऱ्या भारतीयांनाही कव्हरवर जागा मिळाली नाही. भावाच्या कॅसेटच्या कागदावर 'भागवत' वाचून मी त्या वयात उगाच हुरळले होते, जणू आमच्या आळीतलंच कुणी लंडनला गेलंय.

संचातलं बाकीचं थोडक्यात. एकूण ६३ ट्रॅक: १४ गाणी नव्या स्टिरिओत, तीच १४ जुन्या मोनोत (डावी-उजवी बाजू वेगळी नसलेल्या आवाजात), ३१ तालमी आणि घरगुती डेमो, आणि 'पेपरबॅक रायटर' व 'रेन' या त्याच काळातल्या दोन गाण्यांची चार ट्रॅकची लहान सीडी. शंभर पानांचं पुस्तक आहे, पॉल मॅकार्टनीच्या प्रस्तावनेसह, छान जाड कागदावर. 'टुमॉरो नेव्हर नोज' हे अल्बमसाठी सगळ्यांत आधी, ६ एप्रिलला हाती घेतलेलं गाणं. त्यातही तंबोरा आहे आणि सगळं गाणं जवळपास एकाच षड्जावर तरंगतं. त्याचा पहिला टेक अंतिम रूपापेक्षा जड आणि संथ आहे, मला तोच जास्त आवडला. 'रेन' मूळ वेगात आणि मग मंदावून, असं दोन्ही ऐकायला मिळतं. टेप हळू फिरवल्यावर ढोलाला कसं अंग येतं ते कळतं. 'एलिनॉर रिग्बी'च्या आधी जॉर्ज मार्टिन वादकांकडून सूर हलवून आणि न हलवता असं दोन्ही वाजवून घेतात आणि पॉलला विचारतात, फरक कळतो का. त्याला फारसा कळत नाही! 'यलो सबमरीन'चा बीटल्समधल्या जॉन लेननने घरी केलेला डेमो चक्क रडवा आहे. बाकी काही तालमी एकदा ऐकून सोडून द्यायच्या.

माझी खरी नाराजी वेगळी. एवढ्या ६३ ट्रॅकमध्ये सतारीशी तबला मिळवतानाची ती दोन मिनिटं कुठेच नाहीत, आणि एकट्या तबल्याचा ट्रॅकही नाही. वाद्यं सुटी करण्याचं यंत्र हाताशी असताना एवढं द्यायला हवं होतं.

किंमत. परदेशातून मागवलात तर सीमाशुल्क धरून दहा हजारांच्या पुढेच जाईल. माझा संच वहिनीने इंग्लंडमधल्या रेडिंगहून येताना आणला, म्हणून तो प्रश्न मला पडला नाही. पुस्तकाचा शौक नसेल तर पेटी घेऊ नका. सगळे ट्रॅक स्ट्रीमिंगवर आहेत. तिथे फोनच्या स्पीकरवर मात्र ऐकू नका, डग्गा परत भिंतीपलीकडे जाईल.

आणि तबलेवाल्यांनो, नवं मिक्सिंग ऐकून थांबू नका. मोनोमध्ये या गाण्याचा शेवट स्टिरिओपेक्षा उशिरा विरतो, म्हणजे लय चढल्यानंतरचा तबला काही सेकंद जास्त मिळतो. चौथी सीडी, चौथं गाणं.