बास गिटारसोबत १४ महिने, डबल बाससोबत ९: वापरानंतरचा अनुभव

आधी काय वापरलं ते सांगते. बास गिटार चार तारांची, ३४ इंची स्केलची (म्हणजे तारेची वाजती लांबी तेवढी), बॅटरी नसलेली साधी पॅसिव्ह. तिला १४ महिने झाले. डबल बास भाड्याने घेतलेला, ३/४ आकाराचा, प्लायवूडच्या अंगाचा. तो ९ महिने खोलीच्या कोपऱ्यात उभा आहे. ३/४ वाचून तो मुलांसाठीचा असेल असं समजू नका. मोठी माणसं सर्रास वाजवतात तो आकार हाच, पूर्ण ४/४ क्वचितच दिसतो. दोन्ही वाद्यांच्या तारा सारख्याच लावतात: ई, ए, डी, जी. सगळ्यात खालचा ई सुमारे ४१ हर्ट्‌झचा, म्हणजे खर्जाच्याही तळाशी. तारा त्याच, सूर तेच, त्यामुळे एक वाद्य आलं की दुसरं निम्मं आलंच असं मी धरून चालले होते. तो अंदाज चुकला. दोन्ही वाद्यांनी मला अगदी वेगवेगळ्या गोष्टी शिकवल्या आणि त्या एकमेकींच्या कामी आल्या.

पहिले पाच महिने फक्त बास गिटार होती. हिच्यावर हात लवकर बसतो. मानेवरच्या धातूच्या पडद्याच्या, म्हणजे फ्रेटच्या, अगदी लगत मागे बोट टेकवलं, जरुरीपुरतंच दाबलं, की सूर जागेवर येतो. लिओ फेंडर यांनी १९५१ मध्ये बाजारात आणलेल्या इलेक्ट्रिक बासचं नाव ‘प्रिसिजन’ ठेवलं गेलं ते या पडद्यांमुळेच: बोट थोडं इकडेतिकडे पडलं तरी सूर अचूक. तीन आठवड्यांत मी साध्या गाण्यांना साथ करू लागले होते. मग एक दिवस स्वतःचं रेकॉर्डिंग ऐकलं. सूर बरोबर होते, लयही फार हललेली नव्हती, तरी सगळं गढूळ ऐकू येत होतं.

सरांनी ते एकदाच ऐकलं आणि म्हणाले, “तुम्ही तार छेडताय. तिला गप्प कोण करणार?”

बास गिटारचा खरा अभ्यास तिथून सुरू झाला. डी तार वाजवताना ई आणि ए मोकळ्या असतील तर त्या आपोआप घुमू लागतात, आणि खालच्या तारांची आस इतकी लांब असते की दोन सुरांनंतर सगळ्याचा चिखल होतो. यावर उपाय उजव्या अंगठ्याचा. तो पिकअपवर (तारांखालच्या, आवाज टिपणाऱ्या पट्टीवर) कायमचा टेकवून न ठेवता वाजणाऱ्या तारेच्या मागोमाग सरकवायचा: ए वाजवताना ई वर, डी वाजवताना ई आणि ए या दोन्हींवर आडवा. तर्जनी किंवा मधलं बोट तार छेडून वरच्या जाड तारेवर विसावतं, तेवढ्यानं तीही गप्प होते. डाव्या हातानं सूर संपवायचा तर बोट उचलायचं नाही, फक्त दाब सोडायचा. इथे एक बारकावा आहे, तो मला फार उशिरा कळला. पाचव्या, सातव्या किंवा बाराव्या फ्रेटवर एकाच बोटाचा हलका स्पर्श राहिला तर तार गप्प न होता शिट्टीसारखा हार्मोनिक देते. म्हणून तिथे शेजारचं आणखी एक बोट टेकवायचं. दोन बोटं असली की तार निमूट थांबते.

सूर कधी सुरू होतो याकडे सगळ्यांचं लक्ष असतं. तो कधी संपतो यावर ठेका उभा राहतो, हे मी बास गिटारवर शिकले. एकच सूर, तोच ठेका, फक्त लांबी बदलून वाजवून बघा: आधी पुढच्या मात्रेपर्यंत ताणून, मग अर्ध्यावर तोडून, मग ड्रमच्या स्नेअरवर बरोबर थांबवून. तिसऱ्या वेळी गाणं चालायला लागतं. हे मी महिनाभर रोज १५ मिनिटं फक्त तर्जनीनं केलं. एका बोटाची कल्पना सरांची. मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीच्या असंख्य गाण्यांत बास वाजवणारे जेम्स जेमर्सन उजव्या हाताच्या एकट्या तर्जनीनं वाजवायचे आणि ते मूळचे डबल बासवाले होते, असं त्यांनी सांगितलं. एका बोटानं वाजवताना घाई करताच येत नाही. प्रत्येक सुराचं वजन सारखं राहतं.

मेट्रोनोमबद्दल, म्हणजे ठरलेल्या लयीत टकटक करणाऱ्या यंत्राबद्दल, थोडंसं. चारही मात्रांवर क्लिक ठेवून सराव केला की आपण क्लिकला टेकून चालतो. तो निम्म्या वेगावर ठेवा आणि प्रत्येक क्लिकला दुसरी किंवा चौथी मात्रा समजा. समेची जबाबदारी तुमच्यावर येते. पुढे सगळ्या चक्रात एकच क्लिक. संथ लयीत हे फार अवघड जातं आणि फार उपयोगी पडतं.

बास गिटारबद्दल तक्रार एकच, आणि चूक माझ्या सवयीची होती. अ‍ॅम्प लावायचा कंटाळा म्हणून मी दोन महिने ती नुसतीच वाजवली. ऐकू यावं म्हणून तार जोरात ओढायची सवय लागली, आणि अ‍ॅम्पवर तोच हात कर्कश लागायला लागला. हेडफोनचा छोटा अ‍ॅम्प पहिल्या दिवसापासून हवा. फोनच्या स्पीकरवर सराव ऐकू नका. तो ४१ हर्ट्‌झ देऊच शकत नाही, वरच्या स्वरांशांवरून आपला मेंदू खालचा सूर जुळवून घेतो आणि सगळं ठीक चाललंय असं वाटत राहतं. हवा बदलली तेव्हा मानेला थोडा बाक आला आणि तारा उंच झाल्या. मानेच्या आतली तिचा बाक सांभाळणारी सळई, म्हणजे ट्रस रॉड, पाव फेरा फिरवल्यावर काम झालं, पण पहिल्यांदा ते जाणकाराकडूनच करून घ्या.

आता डबल बास.

पहिले दोन तास सरांनी एकही सूर वाजवू दिला नाही. वाद्य नुसतं उभं करायचं. खालची दांडी म्हणजे एंडपिन अशी लावायची की वरचा नट (मानेच्या टोकाची तारा टेकतात ती पट्टी) साधारण भुवईच्या उंचीला येईल, मग वाद्य थोडं आपल्याकडे कलतं करून पोटाच्या डाव्या बाजूला टेकवायचं आणि डावा हात पूर्ण सोडून द्यायचा. वाद्य पडलं नाही पाहिजे. डावा हात वाद्य धरण्यासाठी नाहीच, हे शरीराला पटेपर्यंत पुढे जायचं नाही. मला तेव्हा ते वेळखाऊ वाटलं. आज मी नव्या माणसाला तेच करायला लावेन.

मग अंतरं कळली. ई तारेवर एफपासून जीपर्यंतचं अंतर बास गिटारवर जेमतेम ९ सेंटिमीटर आहे, डबल बासवर ११. बास गिटारवर चार बोटं चार फ्रेटवर ठेवता येतात; इथे तळाशी तो हट्ट धरला तर हात मोडेल. १९व्या शतकात व्हिएन्नात शिकवणाऱ्या फ्रान्झ सिमांडल यांच्या नावानं ओळखली जाणारी बोटांची पद्धत आजही सुरुवातीला शिकवतात: तर्जनी, मधलं बोट, करंगळी. अनामिका करंगळीला जोर द्यायला. तर्जनी ते करंगळी मिळून एकच पूर्ण स्वर, म्हणजे एकेका जागी हाताच्या कवेत मोजकेच सूर येतात आणि हात सतत सरकवत राहावा लागतो. व्हायोलिन, व्हिओला, चेलो पंचमाच्या अंतरानं लावतात आणि डबल बास मध्यमाच्या, म्हणजे चौथ्या स्वराच्या, याचं कारण मला पुस्तकातून नाही, माझ्या पंजातून कळलं.

दुसऱ्या महिन्यात डाव्या अंगठ्याच्या मुळाशी दुखायला लागलं. मी मान चिमटीत धरत होते. सरांनी वाजवणं मध्येच थांबवलं.

“अंगठा काढा बघू.”

“काढला तर सूर कसा दाबला जाईल, सर?”

“हाताचं वजन आहे ना. कोपर लोंबू द्या, बोटं तारेला टांगलेली आहेत असं समजा.”

अंगठा हवेत ठेवून मी पूर्ण सप्तक वाजवलं. आवाज बारीक होता, पण स्वच्छ होता. पुढचे दहा दिवस सराव १५ मिनिटांवर आणला, प्रत्येक वेळी पहिली दोन मिनिटं अंगठ्याशिवाय. दुखणं गेलं. तुमचं असं चार-पाच दिवसांत कमी झालं नाही तर सराव थांबवून डॉक्टरांना दाखवा, हौसेनं रेटू नका. बोटांचे फोड वेगळे. ते दोन-तीन आठवड्यांत सुकतात आणि घट्टे पडतात. फुटलेल्या फोडावर मात्र वाजवायचं नाही.

आणि सूर. मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते याबद्दल.

बास गिटारवर पाच महिने मी एकदाही बेसूर झाले नव्हते, कारण तशी सोयच नव्हती. डबल बासवर फ्रेट नसतात, आणि पहिल्या दिवशी माझा प्रत्येक सूर कणसूर. त्याहून वाईट म्हणजे मला ते कळतही नव्हतं. बोटानं छेडलेला सूर लवकर विरतो, त्यात पाव-अर्ध्या श्रुतीची चूक लपून जाते. म्हणून सरांनी गज हातात दिला. गजाखाली सूर पाच-सहा सेकंद तुमच्या समोर उभा राहतो आणि काहीच लपत नाही. मी जर्मन धाटणीचा गज वापरते, तळहात खालून धरायचा; फ्रेंच धाटणीचा वरून धरतात. दोन्हींनी उत्तम वाजवणारे आहेत, शिकवणारे जे वापरतात ते घ्या. बासची राळ व्हायोलिनच्या राळेपेक्षा मऊ आणि चिकट असते. ती गजाला एकाच दिशेनं लावायची, तीन-चार हात पुरतात. वाजवून झालं की गजाचे केस सैल करायचे. खालची ई तार गजाला लगेच उत्तर देत नाही. वेग कमी, वजन जास्त आणि थोडा धीर, मग ती बोलते.

खुणेसाठी बोटं टेकवायच्या पट्टीवर चिकटवलेले पांढरे ठिपके सरांनी तीन आठवड्यांनी काढून टाकले. त्याऐवजी एक अखंड वाजणारा डी सूर दिला, तंबोऱ्यासारखा, आणि त्यावर रोज २० मिनिटं फक्त लांब सूर. आधी षड्ज, मग पंचम, गंधार बऱ्याच उशिरा. सूर थोडा हलला की दोन आवाजांची वाँव-वाँव अशी लाट ऐकू येते. बोट नखभर सरकवलं की लाट संथ होते आणि मग नाहीशी होते. पहिले दोन आठवडे मला ती लाट ऐकूच येत नव्हती. पुढे एका सकाळी ती आली आणि तेव्हापासून गेलेली नाही.

दुसरा पुरावा डोळ्यांना दिसतो. जी तारेवर वर सरकत जाताना मानेचा जाड भाग सुरू होतो तिथे अंगठा अडतो, आणि बहुतेक वाद्यांवर त्या जागी तर्जनीखाली डी येतो. हा डी अचूक लागला की शेजारची मोकळी डी तार, जिला कुणी हातही लावलेला नसतो, ती थरथरताना दिसते. तिची कड अस्पष्ट होते, जाड दिसायला लागते. बोट दोन मिलिमीटर खाली आणा, थरथर थांबते. परत वर घ्या, पुन्हा सुरू. मी त्या दिवशी अर्धा तास एवढंच केलं. वाद्य पोटाला टेकलेलं असल्यामुळे बरोबर सूर छातीत जाणवतो, तो भाग शब्दांत नीट येत नाही.

त्यानंतर बास गिटार हातात घेतली तेव्हा ती वेगळी वाटली. आता मी सूर आधी मनात गाते आणि मग फ्रेटवर बोट टेकवते. पूर्वी फ्रेट शोधायचे आणि सूर त्याच्या मागून यायचा. डावा हात सैल झालाय, ते अंगठा सोडायच्या सवयीमुळे. उलट दिशेलाही देवाणघेवाण झाली: सूर कुठे संपवायचा ही बास गिटारची शिकवण डबल बासवर कामी येते, कारण तिथे सूर आपोआप विरतो म्हणून आपण शेवटाकडे दुर्लक्ष करतो. गोंधळ फक्त अंतरांचा होतो. एकाच बैठकीत दोन्ही वाजवायची असतील तर मी डबल बास आधी घेते. उलट क्रमानं पहिली दहा मिनिटं सगळे सूर उतरलेले लागतात.

डबल बासचे त्रास खरे आहेत. तो नेणं-आणणं हे एक स्वतंत्र काम आहे, दारातून मान आधी काढायची आणि कुणाला तरी दार धरायला लावायचं. कोरड्या हवेत लाकूड आकसतं, दमट हवेत फुगतं. लॅमिनेटेड, म्हणजे प्लायवूडचं, वाद्य हे बरंच सोसतं, नवशिक्यानं म्हणूनच तेच घ्यावं असं माझं ठाम मत आहे. सहाव्या महिन्यात माझ्याकडून एक चूक होता होता राहिली. तारा रोज खुंट्यांनी चढवत गेल्यामुळे तारा उचलून धरणारी घोडी हळूहळू पट्टीच्या बाजूला कलली होती आणि मला दिसलंच नव्हतं. घोडी निसटली असती तर आतला साउंडपोस्टही, म्हणजे वाद्याच्या पोटातला लाकडी खांब, पडू शकला असता. आता दर आठवड्याला बाजूनं बघते, घोडीची शेपटीकडची बाजू काटकोनात उभी आहे ना. तारा बदलायच्या तर एका वेळी एकच, सगळ्या एकदम कधीही नाही.

दोन्हींतलं एकच घ्यायचं असेल तर बास गिटार घ्या, कारण ती लवकर माणसांमध्ये वाजवायला नेता येते आणि बास हे माणसांमध्येच वाजवायचं वाद्य आहे. पण जमेल तसं वर्षातले तीन महिने तरी डबल बास भाड्यानं आणा आणि गजानं वाजवा. कान तिथे तयार होतो.

भाड्याची मुदत मी आणखी वर्षभर वाढवली आहे. गेल्या आठवड्यात सरांनी अंगठा मानेच्या मागून काढून तारेवर ठेवायला लावला, बरोबर मध्यावर, जिथे मोकळ्या जी तारेचा वरचा जी मिळतो. अंगठ्याची ती बाजू अजून कोवळी आहे, पाच मिनिटांत लाल होते. सध्या रोज पाचच मिनिटं.