आजीचं गोंदण आणि गिंप

आजीचा एकच फोटो आमच्याकडे आहे. 1961 साली कोल्हापुरातल्या स्टुडिओत काढलेला, पोस्टकार्डाएवढा, कृष्णधवल. इतके पावसाळे ट्रंकेत राहून पिवळे डाग पडलेले, कडांना बुरशी, आणि मधोमध घडीची भेग थेट गालावरून गेलेली.

आधी मोबाइलवरच्या एका ॲपमध्ये टाकला. क्षणात चकचकीत फोटो आला. आईनं बराच वेळ बघितला आणि विचारलं, "ही कोण?" हनुवटीवरचं गोंदण नाहीसं झालं होतं, गालावरचे देवीचे व्रणही. असली ॲपं हजारो चेहऱ्यांवरून शिकून अंदाजानं नवा चेहरा भरतात. आम्हाला आमचीच आजी हवी होती.

मग गिंप हे फोटो सुधारायचं सॉफ्टवेअर उतरवून घेतलं. फुकट आहे, 1996 पासून चालत आलंय, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं. फोटो 1200 डीपीआयला (म्हणजे इंचाला 1200 ठिपके), रंगीत स्कॅन केला. कृष्णधवल फोटो रंगीत का, तर पिवळा डाग निळा प्रकाश शोषतो. रंगीत स्कॅन लाल, हिरवा आणि निळा अशा तीन चॅनलचा, म्हणजे रंगांच्या भागांचा बनलेला असतो. त्यामुळे निळ्या चॅनलमध्ये तो डाग काळाकुट्ट दिसतो आणि लाल चॅनलमध्ये जवळजवळ दिसतच नाही. 'कलर्स'मधल्या 'एक्स्ट्रॅक्ट कंपोनंट'नं नुसता लाल चॅनल काढला आणि ब्रश न लावता निम्मं काम झालं!

खरी कमाल 'वेव्हलेट डीकंपोज'ची. हा फिल्टर बारीक पोत आणि मोठ्या छटा वेगवेगळ्या लेअरवर, म्हणजे एकावर एक रचलेल्या थरांवर मांडतो. बारीक लेअरवर क्लोननं (शेजारचा तुकडा उचलून तसाच उमटवणाऱ्या टूलनं) भेग सांधायची, खालच्या छटेला हात लावायचा नाही. सुट्टे ठिपके हील टूलनं: कंट्रोल दाबून शेजारची निरोगी जागा निवडायची, मग ठिपक्यावर फिरवायचं. गोंदणाचे तीन ठिपके कुठले आणि बुरशीचे कुठले, हे आईला शेजारी बसवून ठरवलं. कोणता ठिपका राखायचा हे आपल्या हातात राहतं, माझ्या लेखी गिंपची सगळ्यात मोठी बाजू हीच.

वेळ मात्र द्यावा लागतो. मी रोज रात्री तासभर, असे अकरा दिवस बसले. दहा मिनिटांत फोटो हवा असेल तर याच्या वाटेला जाऊ नका. मूळ स्कॅन टिफ या फाइलप्रकारात वेगळा ठेवा, त्यावर कधीच काम करू नका.

डाव्या कानाशी नखाएवढा थर पार उडून गेलाय. तिथे बुगडी होती का, हे आईलाही आठवत नाही. तेवढी जागा मी करडीच ठेवली.