आपल्याच शहरात परतताना: नातेवाइकांकडे उतरावं की हॉटेलात?
बऱ्याच वर्षांनी आपल्या शहरात जायचंय, पण मुक्काम कुठे ते ठरत नाहीये? खर्च पाहिला तर नातेवाइकांचं घर सरळसरळ स्वस्त. वेळ मात्र आपला राहत नाही. सकाळच्या गप्पा लांबतात, भेटायला माणसं येत राहतात आणि जुन्या गल्लीतून एकट्यानं फिरायचं राहूनच जातं. हॉटेलात भाडं पडतं, पण पहाटे शाळेच्या रस्त्यानं निघालात तर कुणी अडवत नाही. तरी कुठली बस बंद झाली, शेजारचं कोण आता राहिलं नाही, हे घरातच कळतं. मला ते फार मोलाचं वाटतं.

माणसांच्या ओढीनं जात असाल तर घरीच उतरा. शहर पुन्हा पायांनी अनुभवायचं असेल तर खोली घ्या, आणि एक अख्खी संध्याकाळ घरच्यांना आधीच देऊन ठेवा.