गोल्फ कोर्सचं पाणी: प्रक्रिया केलेलं सांडपाणी की कमी हिरवळ?

18 होलच्या कोर्सवर पाणी वाचवायचं म्हटलं की दोन मार्ग पुढे येतात: प्रक्रिया केलेलं सांडपाणी वापरा, नाहीतर पाणी लागणारी हिरवळच कमी करा.

सांडपाण्याचा फायदा उघड आहे. पिण्याच्या पाण्यावरचा ताण हलका होतो, शिवाय त्यातल्या नायट्रोजन-फॉस्फरसमुळे खतही कमी लागतं (अर्थात ते हिशेबात धरलं तर; नाहीतर तळ्यांत शेवाळ माजतं). खरी डोकेदुखी क्षारांची. सोडियम साचलं की चिकणमातीची रचना मोडते, पाणी मुरत नाही, वर डबकी दिसू लागतात. मग जिप्सम (सोडियम हटवणारं खनिज) टाका, अधूनमधून जास्तीचं पाणी सोडून क्षार खाली धुऊन काढा. म्हणजे वाचवायला निघालो आणि पुन्हा पाणीच ओतलं! पास्पालमसारखं खारं पाणी सोसणारं गवत असेल तर बरंच निभावतं.

मला दुसरा मार्ग जास्त पटतो. अमेरिकेतल्या पाइनहर्स्ट नंबर 2 या गोल्फ कोर्सवर 2010-11 मध्ये सुमारे 35 एकर हिरवळ काढून तिथे वाळू आणि वायरग्रास हे स्थानिक गवत आणलं. स्प्रिंकलर सुमारे 1,150 वरून 450 वर आले. 2014 ची गोल्फची यू.एस. ओपन स्पर्धा तिथेच झाली. तपकिरी कडा पाहून काहींनी नाकं मुरडली, खेळाचं काही अडलं नाही. तण उपटायला माणसं मात्र लागतात.

ग्रीनला (होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवताला) पाणी हवंच. सांडपाण्याची पाइपलाइन टाकायचीच असेल तर हिरवळ घटवल्यावर किती पाणी लागतं याचं मोजमाप करा. लहान पंपावर भागतं.