आधी कोणता पाहावा: 'धुमधडाका' की 'अशी ही बनवाबनवी'?

दोन्ही चित्रपटांत अशोक सराफ आणि लक्ष्मीकांत बेर्डे, दोन्हींत सोंग, आणि दोन्ही जुन्या कथांवर बेतलेले. 'धुमधडाका' (1985) हे महेश कोठारेंचं पहिलं दिग्दर्शन, मूळ तमिळ. 'बनवाबनवी' (1988) सचिन पिळगावकरांचा. मूळ 1966 चा 'बीवी और मकान'.

'धुमधडाका' सुट्या प्रसंगांवर चालतो. अशोक सराफ श्रीमंत बापाचं सोंग घेतात आणि खोकल्यात शब्द अडकवतात, ते हसू निव्वळ अभिनेत्याच्या कसबाचं आहे. समोर शरद तळवलकर. रंगभूमीवर मुरलेला हा नट समोरच्याचं वाक्य पूर्ण होऊ देतो, म्हणून लक्ष्याला मोकळं रान मिळतं. प्रेमकथेच्या गाण्यांत मात्र वेग पडतो.

'बनवाबनवी'ची ताकद वसंत सबनीसांच्या लेखणीत आहे. सुधीर जोशींनी केलेल्या घरमालक सरपोतदारांकडून औषधासाठी घेतलेले 70 रुपये आठवा. किरकोळ रक्कम, पण त्या एका थापेतून अशोक सराफांचा धनंजय माने काय आहे ते कळतं. पुढे जोडप्यांनाच जागा मिळणार म्हणून बेर्डेंचा परशा पार्वती होतो, सचिनचा सुधीर सुधा, आणि प्रत्येक नवी थाप आधीची सांभाळायला लागते. तुकड्यांत पाहणाऱ्यांचं इथेच नुकसान होतं: संवाद कळतात, पण त्यामागची अडचण निसटते.

म्हणून 'बनवाबनवी' आधी, सलग, सुरुवातीपासून. 'धुमधडाका' मधूनही लावला तरी रंगतो. तळवलकर-लक्ष्या प्रसंग तेवढा चुकवू नका.