जर्मनीत घर शोधताना: डिपॉझिट जातं, पासपोर्टची प्रतही जाते

जर्मनीतल्या विद्यापीठांचं हिवाळी सत्र 1 ऑक्टोबरला सुरू होतं. त्याआधीच्या दोन महिन्यांत पुण्या-मुंबईहून निघालेली मुलं इथे बसूनच म्युनिक, बर्लिन, फ्रांकफुर्टमध्ये खोली शोधत असतात. श्टुडीरेंडनवेर्क या विद्यार्थी सेवा संस्थेच्या वसतिगृहांची प्रतीक्षायादी लांब असते, खाजगी घरमालक उत्तरं देत नाहीत, आणि विमानाचं तिकीट काढून झालेलं असतं. भामट्यांच्या जाहिराती नेमक्या याच दिवसांत वाढतात.

नेहमीचा प्रकार असा. शहराच्या मध्यभागी सामानासकट दोन खोल्यांचं घर, वीज, पाणी, हीटिंग धरून 500 युरो. म्युनिकमध्ये एवढ्या पैशांत शेअरिंगची एक खोली मिळवायलाही नशीब लागतं, म्हणून हा आकडा दिसला की तिथेच थांबावं. मालकाला विचारलं तर तो कामानिमित्त परदेशात असतो. घर दाखवायला कोणी नसतं. चावी कुरियरने येणार असते किंवा एखादी प्रसिद्ध बुकिंग कंपनी ‘मधे’ राहून पैसे सांभाळणार असते. त्यासाठी आलेली लिंक त्या कंपनीच्या साइटसारखी हुबेहूब दिसते, फक्त पत्त्यात एखादं अक्षर किंवा जादा शब्द असतो. विश्वास बसावा म्हणून मालक स्वतःच्या ओळखपत्राचा फोटोही पाठवतो. हे ओळखपत्र अनेकदा खरंच असतं, पण ते आधी फसलेल्या एखाद्या भाडेकरूचं असतं.

इथे जर्मन कायदा माहीत असणं फार उपयोगी पडतं. नागरी संहितेच्या कलम 551 नुसार डिपॉझिट तीन महिन्यांच्या मूळ भाड्यापेक्षा, म्हणजे हीटिंग-पाण्याचा खर्च वगळून उरणाऱ्या ‘काल्टमीटे’च्या तिपटीपेक्षा, जास्त मागता येत नाही. तेही तीन समान मासिक हप्त्यांत देण्याचा भाडेकरूला हक्क आहे आणि पहिला हप्ता भाडेकरार सुरू होताना द्यायचा असतो. 400 युरो काल्टमीटे असेल तर डिपॉझिट जास्तीत जास्त 1,200, आणि सुरुवातीला 400. म्हणून ‘घर राखून ठेवण्यासाठी आजच 1,500 पाठवा’ असं कोणी म्हणालं की कायद्याचा हा हिशेब त्याला लिहून पाठवा. खरा मालक त्यावर बोलतो. भामटा ‘दुसरे तिघे तयार आहेत’ म्हणून घाई करतो. एजंटाचं तसंच. 2015 पासून भाड्याच्या घरात ज्याने एजंट नेमला त्यानेच त्याची फी द्यायची असते, त्यामुळे मालकाच्या एजंटाने तुमच्याकडे फी मागितली तर ती देऊ नका.

व्हिडिओ कॉल नुसता होऊन उपयोगाचा नाही. घराची रेकॉर्ड केलेली चित्रफीतही दाखवता येते. कॉल चालू असताना बोलणाऱ्याला इमारतीच्या दाराशी जायला सांगा. जर्मनीत घरांना सहसा फ्लॅट क्रमांक नसतात, बेलवर आणि टपालपेटीवर राहणाऱ्यांची आडनावं असतात. बेलवरचं आडनाव, करारातलं नाव आणि बँक खात्याचं नाव जुळतं का ते पाहा. जुळत नसेल तर तुम्ही स्वतः भाडेकरू असून घर पोटभाड्याने देताय का हे विचारा, आणि घर पोटभाड्याने द्यायला मूळ मालकाची लेखी परवानगी मागा. त्या शहरात कोणी ओळखीचं असेल, तिथलं महाराष्ट्र मंडळ असेल, तर त्यांना एक चक्कर मारायला सांगायला संकोच करू नये.

प्रत्यक्ष घर पाहिलं म्हणजे धोका संपला असंही नाही. थोड्या दिवसांसाठी घर भाड्याने घेऊन भामटे ते अनेकांना दाखवतात, प्रत्येकाकडून रोख डिपॉझिट घेतात, आणि 1 तारखेला सगळे एकाच दारात उभे राहतात. म्हणून रोख देऊ नका. शेजाऱ्याची बेल वाजवून इथे कोण राहतं ते विचारा.

पैसे कसे जातात यावर ते परत मिळणं अवलंबून असतं. ऑक्टोबर 2025 पासून युरो क्षेत्रातल्या बँका पैसे पाठवताना खातेदाराचं नाव आणि आयबान, म्हणजे आंतरराष्ट्रीय खाते क्रमांक, जुळतो का ते दाखवतात. ‘जुळत नाही’ आलं तर पुढे जाऊ नका. भारतातून स्विफ्टने, म्हणजे बँकांच्या आंतरराष्ट्रीय व्यवस्थेतून, पाठवताना ही सोय गृहीत धरू नका. जर्मन खात्याचा आयबान डीई (DE) ने सुरू होतो आणि अक्षरं-अंक मिळून 22 चिन्हांचा असतो. घर जर्मनीत आणि खातं दुसऱ्याच देशात असेल तर कारण विचारायलाच हवं.

पैशांइतकीच चिंता कागदांची करायला हवी, पण तिकडे फार कमी जणांचं लक्ष जातं. अर्जासोबत पासपोर्ट, व्हिसा, ब्लॉक्ड अकाउंटचं (व्हिसासाठी राहण्याच्या खर्चाचे पैसे आधीच भरून ठेवलेल्या खात्याचं) पत्र असं सगळं मागितलं जातं. त्यावर तुमच्या नावाने पुढची खोटी जाहिरात लागते. त्याहून वाईट म्हणजे ‘भाडेकरूची ओळख पडताळणी’ सांगून व्हिडिओ-आयडेंट, म्हणजे व्हिडिओ कॉलवरून होणारी ओळख पडताळणी, करायला लावतात. प्रत्यक्षात तुम्ही तुमच्याच नावाचं बँक खातं उघडत असता, आणि ते भामट्यांच्या हाती जातं. त्यातून चोरीचे पैसे फिरले की पोलिसांचं पत्र तुम्हाला येतं. घर पाहण्याआधी पासपोर्ट देऊच नका. नंतर दिलात तर प्रतीवर कोणत्या घरासाठी, कोणत्या तारखेला हे आडवं लिहा आणि पासपोर्ट क्रमांक झाका.

तिसरा सापळा आनमेल्डुंगचा, म्हणजे सरकारी पत्तानोंदणीचा. राहायला आल्यापासून दोन आठवड्यांत पत्ता नोंदवावा लागतो, आणि त्यासाठी घर देणाऱ्याचं पुष्टिपत्र लागतं. ‘फक्त नोंदणीसाठी पत्ता’ विकणारे याच गरजेवर जगतात. नोंदणी करणारा तिथे राहणार नसताना पत्ता वापरायला देणाऱ्याला 50,000 युरोपर्यंत दंड आहे, आणि खोटी नोंदणी करणाऱ्यालाही दंड होतो. करार करतानाच मालक पुष्टिपत्र देणार का ते लेखी घ्या.

फसलात तर पहिले काही तास महत्त्वाचे. बँकेला फोन करून व्यवहार मागे घेण्याची विनंती करा. पैसे भारतातून गेले असतील तर 1930 या भारतातल्या सायबर फसवणूक हेल्पलाइनवर तक्रार करा. जर्मनीत प्रत्येक राज्याच्या पोलिसांची ‘ओनलाइनवाखे’ ही ऑनलाइन तक्रारीची सोय आहे. जाहिरात, संभाषण, आयबान यांचे स्क्रीनशॉट लगेच घ्या, कारण जाहिरात गायब होते. तक्रारीचा क्रमांक जपून ठेवा. पासपोर्टची प्रत गेली असेल तर शुफा या लोकांच्या कर्ज-खात्यांची नोंद ठेवणाऱ्या जर्मन कंपनीकडे ओळखचोरी कळवा आणि तिथली तुमची नोंद मोफत मागवा. मागताना ‘डाटेनकोपी’ (माहितीची प्रत) असं लिहा, कारण त्याच माहितीचा विकतचा अहवालही मिळतो. त्यात तुम्ही न उघडलेलं खातं दिसलं तर त्या बँकेला पोलिस तक्रारीच्या प्रतीसह लेखी कळवा.